भात आहे, कालवण नाही : कोकणातल्या गावोगावच्या मुंबई मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
ग्रामविकास मंडळ, मुंबई.
लालबाग-परळच्या खोल्यांपासून विरार, नालासोपारा, दिव्यापर्यंत जिथे जिथे आपली माणसं आहेत, तिथे.

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात किराणा दुकान चालवते. सासऱ्यांनी घातलेलं दुकान, आता मी आणि माझा मुलगा बघतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं हाकेच्या अंतरावर राहतात आणि आपली परिस्थिती चारचौघांत यावी असं त्यांना वाटत नाही. शिवाय मी जे बघते ते मंडणगडपासून देवगडपर्यंत कुठल्याही गावातला दुकानदार सांगेल. म्हणून पत्र एका मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. गणपतीत तुम्ही गावातल्या निराधारांना, एकट्या म्हाताऱ्या माणसांना धान्याचं किट वाटता. ते पैसे मे महिन्यात द्या. आणि त्या पैशांतून गव्हाचं पीठ, साखर, मैदा घेण्यापेक्षा एका दिवसाच्या कालवणाची लहान लहान पाकिटं गावातच, बचत गटाच्या बायकांकडून भरून घ्या. माझा माल खपावा म्हणून हे लिहीत नाही. डाळ, तेल, मसाला दापोलीच्या नाहीतर खेडच्या घाऊक दुकानातून घ्या, मी फक्त वजनाचा काटा आणि बसायला घराची ओटी देईन.

घरातली चूल कशी चालली आहे ते दुकानदाराला गल्ल्यावर बसून कळतं. मे महिन्यात अर्ध्या लिटरची तेलाची पिशवी नेणारी बाई जूनअखेर दोनशे मिलीची मागते. तूरडाळ पावशेरावरून अर्ध्या पावावर येते, मग तिच्या जागी मसूर येते, मग डाळ येतच नाही. जुलैच्या मध्यावर तिच्या पिशवीत चहापावडर, थोडी साखर, मिठाची पुडी एवढंच असतं. उधारीच्या वहीत जिचं नाव आहे तिची मला तेवढी काळजी वाटत नाही, कारण ती निदान येते. जिला उधार मागायला जमत नाही ती यायचीच बंद होते.

अशाच एका काकींना मी विचारलं, ‘डाळ नको का या खेपेला?’ तर म्हणाल्या, ‘डाळ शिजस्तवर चार लाकडं जातात गो, नि लाकडं सगळी भिजलेली. भात आहे, मीठ आहे, आमसूल आहे. एकटीला काय लागतं?’

भात आहे, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तुमच्या किटची यादी तिथेच चुकते. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. 2025 साली तर जून, जुलै, ऑगस्ट असा तीन महिन्यांचा शिधा पावसाच्या तोंडावर एकदम देण्याचे आदेश निघाले होते. रेशनमुळे उपाशी झोपायची वेळ पुष्कळ घरांवरून टळली आहे, हे मी रोज बघते. पण रेशनवर तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, मसाला नेमाने मिळत नाही. 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल आलं, लोकांनी रांगा लावून घेतलं. सण गोड झाला. आषाढातल्या ताटाचं काय?

आपल्याकडच्या आहारशास्त्राच्या हिशेबाने प्रौढ बाईला दिवसाला 45 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. 200 ग्रॅम तांदळातून फार तर पंधराएक ग्रॅम मिळतात. बाकीची भर आपल्याकडे म्हावऱ्यातून, म्हणजे मासळीतून पडते. बाजारातून नाही घेतलं तरी खाडीत तिसऱ्या असतात, कालवं असतात, शेजारून कोणीतरी वाटीभर देतं. 1 जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते ती 31 जुलैपर्यंत, 61 दिवस. बंदी हवीच, विणीचा हंगाम असतो, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव थांबला की डोक्यावर पाटी घेऊन गावात येणारी बाई थांबते आणि तिच्याकडून दहा-वीस रुपयांचं सुटं म्हावरं घेणाऱ्या घरांचं कालवणही थांबतं. आंब्या-काजूची कामं तोवर संपलेली असतात. पर्यटक गेलेले असतात. लावणीची मजुरी मिळते, पण ती कंबर वाकवता येणाऱ्यांना.

मग भाद्रपद येतो. होड्या पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात, मांडवावर पडवळं-दोडकी लोंबत असतात, तुम्ही सगळे बॅगा भरून येता, प्रत्येक घरात चार माणसं आणि चार भाज्या असतात. त्या आठवड्यात किट येतं. तुमची माया खरी आहे, ती मी जवळून बघितली आहे. पण दोन महिने उशिरा येते.

आपल्या घरांत ही वेळ पूर्वीपासून ठरलेली होती. मे महिन्यात आगोट भरायची: कुळीथ, वाल, आमसुलं, मिरच्या, मसाला, सुकी मासळी, उकडे तांदूळ. गिरण्या चालू होत्या तेव्हा मुंबईची मनिऑर्डर आगोटीआधी यावी म्हणून सासूबाई पोस्टमनची वाट बघायच्या, असं त्या सांगायच्या. आजही ज्यांच्या हातात पैसा आहे ती घरं आगोट भरतात, माझं दुकान मे महिन्यात त्यावरच चालतं. ज्यांच्या हातात पैसा नाही त्यांची आगोट मंडळाने भरावी, एवढंच मी म्हणते आहे.

आता तुमच्या किटमधल्या जिनसांबद्दल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पिठाची गिरणी बंद. लोकांकडे गहू होता आणि दळायची सोय नव्हती. त्यानंतर बाहेरून मदत देणाऱ्यांनी गव्हाऐवजी पीठ द्यायला सुरुवात केली. आपल्या दमट हवेत गव्हाच्या पिठाला दोन-तीन आठवड्यांत जाळी धरते. पाच किलो पीठ एकट्या भात खाणाऱ्या म्हातारीच्या घरात गेलं तर ते शेवटी कोंबड्यांपुढे जातं. अन्न टाकताना तिला जे वाटतं ते मला तिच्या तोंडून ऐकावं लागतं. शेंगदाणे आषाढात खवट होतात आणि दमट जागी त्यांना बुरशी धरली तर ती विषारी असू शकते. गुळाला पाणी सुटतं. पोहे सादळतात. अख्खे काळे वाटाणे चांगले टिकतात, पण रात्रभर भिजवून कुकरला चार-पाच शिट्या घ्याव्या लागतात, आणि या घरांतला कुकर बहुधा शिटी हरवून माळ्यावर गेलेला असतो.

म्हणून गेल्या पावसाळ्याआधी बचत गटातल्या आम्ही काही जणींनी थोडी पाकिटं करून पाहिली. कसोटी एकच ठेवली होती: भिजल्या लाकडावर, एका टोपात, अर्ध्या तासाच्या आत शिजलं पाहिजे, आणि दात नसलेल्या माणसाला खाता आलं पाहिजे.

सगळ्यांत चांगलं उतरलं कुळथाचं पाकीट. कुळीथ निवडून, मंद आचेवर भाजून, भरडून, सालं पाखडून दळायचे. भाजल्याने ओलावा जातो आणि पीठ टिकतं. कच्चं दळलेलं पीठ इतकं टिकत नाही. एका पाकिटात 50 ग्रॅम पीठ, त्यातच मीठ, हळद, लाल तिखट कालवलेलं. आत राई-हिंगाची एक लहान पुडी आणि चार आमसुलं वेगळ्या कागदात, कारण आमसुलाचा ओलेपणा पिठाला लागला तर पीठ गोळा होतं. थोड्या गार पाण्यात पीठ कालवायचं, फोडणीत तीन पेले पाणी उकळलं की ते ओतायचं, ढवळत राहायचं. दहा मिनिटांत पिठी होते, सकाळ-संध्याकाळ पुरते. कुळथात शंभर ग्रॅमला बाविसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या एका पाकिटातून अकराच्या आसपास मिळतात. पिठीभाताला इथे कोणी नाक मुरडत नाही, आजारी माणूससुद्धा खातो.

दुसरं मसुरीचं किंवा मुगाच्या डाळीचं. 80 ग्रॅम डाळ, मसाल्याची पुडी, आमसूल. तूरडाळ मुद्दाम घेतली नाही, ती कुकरशिवाय लवकर मऊ होत नाही. मसूरडाळ वीस-पंचवीस मिनिटांत उघड्या टोपात शिजते.

तिसरं जवळ्याचं, आणि यावर थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्यातले काही जण इथे अडखळतील. सुका जवळा एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावर वाळतो. हर्णै-पाजपंढरीच्या बायकांकडून तो तेव्हाच घ्यायचा. बंदीच्या आधी त्यांच्या हातात दोन पैसे जातात, हाही फायदा आहे. सुका बांगडा नको, त्यात तेल जास्त, लवकर खवट होतो. जवळा नि बोंबील बरे राहतात. जवळ्याचं पाकीट वेगळ्या खोलीत भरायचं, वेगळ्या डब्यात ठेवायचं, नाहीतर डाळीलाही वास लागतो. देवळाच्या सभामंडपात ते भरू नये, उगाच वाद नको. आणि ते आषाढात संपेल एवढंच द्यायचं, श्रावणात बरीच घरं मासळी खात नाहीत. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांना खारवलेली मासळी देऊ नये, हे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आम्हाला बजावलं. आम्ही त्यांच्या यादीप्रमाणे त्या घरांना कुळथाची पाकिटं जास्त दिली.

पिशवी बंद करणं सोपं वाटतं, पण सगळी मेहनत तिथेच टिकते किंवा वाया जाते. भाजलेलं पीठ पूर्ण गार व्हायला हवं. आमच्यातल्या एक आजी पिठात कोपरापर्यंत हात घालून बघायच्या, तळाशी जरा कोमट लागलं की म्हणायच्या, ‘नको, अजून श्वास घेतंय ते.’ कोमट पीठ बंद केलं तर आतल्या आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी. आमच्याकडे पिशव्या बंद करायचा हातसीलर आहे, पण वीज गेली की आम्ही जुन्या पद्धतीवर येतो: करवतीच्या पानावर पिशवीची कड दुमडायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीजवळून सरळ एका दमात ओढायची. हात थांबला तर भोक पडतं. मग पिशवी दोन तळव्यांत दाबून कानाजवळ धरायची, हवा सुटत असेल तर ऐकू येते. वरच्या कडेला कात्रीने एक बारीक खाच द्यायची, कारण सांधे सुजलेल्या बोटांना जाड पिशवी फाडता येत नाही आणि दाताने फाडायला दात नसतात. लेबलावर आतले जिन्नस आणि भरल्याची तारीख, अक्षरं मोठी. पाण्याचं माप पेल्यांत लिहायचं आणि शेजारी तेवढे पेले काढायचे. मिलीलिटर कोणाला कळत नाही.

पाकिटं घरी ठेवायची कशात हाही प्रश्न होता. उंदीर प्लास्टिक एका रात्रीत कुरतडतात. माझ्या दुकानात तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे रिकामे होतात. ते राखेने घासून, उन्हात वाळवून, झाकण बसवून दिले. एका डब्यात दोन महिन्यांची पाकिटं आरामात राहतात.

खर्च सांगते, म्हणजे खजिनदारांना हिशेब मांडता येईल. आमच्या बाजारातल्या सध्याच्या भावाने डाळीचं पाकीट साधारण 15 रुपयांना पडतं, कुळथाचं 17 ला, जवळ्याचं 21 ला. यात पिशवी आणि मसाला आला, बायकांची मजुरी नाही. एका माणसाला रोज एक पाकीट धरलं तर बंदीच्या 61 दिवसांचे अकराशेच्या आसपास, वर दीड लिटर तेल. तेरा-चौदाशे रुपयांत एका माणसाचं दोन महिन्यांचं कालवण होतं. तुमच्या किटला हल्ली किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही केलं ते थोडं होतं, हौसेने झालं. एखाद्या गावात तीस-चाळीस घरं धरली तर बायकांना मजुरी द्यावी लागेल, आणि ती द्यावी. भाजणं, दळणं, भरणं हे उन्हातलं, धुरातलं काम आहे. बचत गटाची अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्यावी. दापोलीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, पिठातला ओलावा तपासून देण्याची विनंती मंडळाच्या पत्रावर तिथे करता येईल. दुकानदारणीच्या शब्दापेक्षा तुमच्या लेटरहेडला वजन आहे.

ज्यांच्याकडे रेशनचा तांदूळ येतो त्यांना नुसतं कालवण पुरे. पण काही घरांत तांदूळही नसतो, आणि ती घरं तुमच्या यादीत नसतात. कातकरी वाडीतली माणसं वीटभट्टीवरून मेअखेर परत येतात. मुकादमाची उचल फेडून हातात काही उरत नाही. काहींची कार्डं नाहीत, काहींची आहेत पण नावं कमी आहेत. त्यांना पाकिटाबरोबर तांदळाच्या कण्या द्याव्यात, लवकर शिजतात आणि तांदळाहून स्वस्त पडतात. कण्या-मुगाची खिचडी एका टोपात होते. त्यांच्या झोपडीत डबा ठेवायला कोरडी जागा नसते, तर आठवड्याला आठवड्याची पाकिटं दुकानातून न्यायची सोय ठेवता येईल. तशीच काही म्हातारी माणसं अशी आहेत की मुलगा मुंबईत, कार्डावरचं नाव तिकडे गेलेलं, किंवा राबून राबून अंगठ्याच्या रेषा झिजल्या आणि रेशन दुकानातल्या मशीनवर ठसा उमटत नाही. कागदावर त्यांना ‘मुलगा आहे’. मुलगा आहे, पण त्याची नोकरी सुटली आहे आणि तो ते आईला सांगत नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपली बरीच मंडळं वाडीची आहेत, समाजाची आहेत. आपल्या वाडीपुरतं वाटायचं ही पद्धत पडून गेली आहे. आषाढातली भूक वाडी बघून येत नाही. बौद्धवाडीत एकटी राहणारी आजी, मोहल्ल्यातली खलाश्याची विधवा, कातकरी वाडीतलं बाळंतीण असलेलं घर, ही सगळी माझ्या एकाच काट्यावर येतात. गावात दोन-तीन मंडळं असतील तर त्यांनी एकच यादी करावी. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोस्टमन आणि रेशन दुकानदार यांना एकत्र बसवलं तर तासाभरात ती यादी होते, अर्ज मागवायची गरज नाही.

आणि ती यादी वाचून दाखवू नका. स्टेजवर बोलावून, हार घालून, फलक मागे लावून फोटो काढू नका. मंडळाला देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो हे मला कळतं. बिलं द्या, पाकिटं भरतानाचे फोटो द्या, किती घरांना गेली तो आकडा द्या. घेणाऱ्याचा चेहरा देऊ नका. ज्या काकींबद्दल वर लिहिलं त्यांना मंडळाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘माझा नवरा त्याच देवळाचा मानकरी होता, मी तिथे हात पसरू?’ त्यांचा डबा माझ्या मुलाने दिवेलागणीनंतर मागच्या दाराने नेऊन ठेवला. दोन दिवसांनी त्या दुकानात आल्या ते पिठीत मीठ जरा कमी घाला म्हणून सांगायला. आम्ही कमी केलं.

मे महिन्यात तुम्ही येताच. पूजा असते, लग्नं असतात, मुलांना सुट्टी असते. शाळेची इमारत रिकामी असते आणि ऊन असतं. पावसात भरलेल्या पाकिटात दमट हवाच बंद होते, म्हणून पॅकिंग मेअखेरपर्यंत पुरं व्हायला हवं. कुळीथ भाजायला, दळायला आम्हाला आठ-दहा दिवस आधी लागतील. म्हणून पैसे एप्रिलअखेर आले तर बरं. जवळाही तेव्हाच चांगला मिळतो. भरण्याचं काम तुमची मुलं दोन दिवसांत करतील. कॉलेजातली पोरं लेबलं लिहितील, लहान मुलं आमसुलं मोजतील, आणि शेजारी कोण राहतं, त्याच्या घरी काय शिजतं हे त्यांना कळेल. मुंबईत वाढलेल्या मुलांना गावात आल्यावर काय करू असं होतं, तर हे काम आहे.

मार्चच्या बैठकीत हा विषय घ्या. कोणाला शंका असेल तर बैठकीच्या दिवशी फोनवर बोलायला मी तयार आहे, गावातल्या कोणत्याही सभासदाकडे माझा नंबर आहे. येताना काटा आणू नका, तो इथे आहे, डबेही मी साठवून ठेवते आहे. दोन हातसीलर आणा आणि जाड पिशव्या दादरच्या घाऊक बाजारातून घ्या, इथे त्या महाग पडतात. सहा बाय आठ इंची चालतील. करवतीची पानं आमच्याकडे आहेत.

आपली,
दापोली तालुक्यातली एक किराणा दुकानदार